अनोळखी, म्हणून नोंद

दर दुसऱ्या गुरुवारी मारिबोरमध्ये, द्रावा नदीच्या अलीकडे,
ओत्मारच्या फ्रेमांच्या दुकानात आम्ही पाच जण जमतो.
शटर अर्धं खाली. टेबलावर एकच फोटो,
पाठ कोरी.
फोटोत माणूस नको, पाटी नको, आमचे फोन खिशात.
इमारत कुठली, बांधली कुणी, एवढंच सांगायचं.
कुणालाच नाही आलं, तर फोटो आणणाऱ्याला
भोपळ्याच्या बियांच्या तेलाची एक बाटली.

माझं औषधांचं दुकान. गोळी मला रंगावरून कळते,
इमारत कळायला नऊ वर्षं लागली.
दर्शनी भाग गोड बोलतो. त्याच्याकडे बघायचं नाही.
पन्हळ कुठे उतरते ते बघायचं,
काँक्रीटवर फळ्यांच्या खुणा आडव्या की उभ्या,
दाराच्या कडीला हात लागून लागून कुठे चकाकी आलीय.
एक वाचनालय आम्ही नुसत्या प्लगच्या भोकांवरून पकडलं.
लिल्याना भूगोल शिकवायची;
एकदा दोऱ्यानं सावली मोजून म्हणाली,
“एप्रिल, दुपारचे चार, आणि फार उत्तरेला.”
निघाला फिनलंडमधला पोहण्याचा तलाव.

आणि इग्नात्स.
इग्नात्स विमा विकतो.
फोटोला हात लावत नाही, मान तिरकी करून बघतो,
बाजारात मासा ताजा आहे का बघावं तसा,
आणि नाव सांगतो. कुणी ऐकलेलंही नसतं असं.
वर पुरवणी: “त्यानं तीनच इमारती केल्या,
मग मधमाश्या पाळल्या.”
त्याला हे सगळं कसं ठाऊक, आम्ही विचारलं नाही.
तोवर कॉफी आलेली असते. तो साखरेची पुडी फोडतो,
रिकाम्या पुडीचा एक कोपरा आत दुमडतो, नखानं दाबतो,
आणि बशीखाली सरकवतो. दर वेळी.

फेब्रुवारीत झ्देन्कानं फोटो आणला.
बुटकी इमारत, मागे चढण, उरलेला बर्फ.
खिडक्या गुडघ्याच्या उंचीला, म्हणजे बालवाडी असणार.
एक खिडकी विटांनी बुजवलेली.
दारावर नंतर कुणीतरी ठोकलेलं पिवळं प्लॅस्टिकचं छप्पर.
लिल्याना म्हणाली ऑस्ट्रिया. ओत्मार म्हणाला, छे, विटा आपल्याकडच्या.
मी भिंत बघत होतो.
भिंत जिथे संपते तिथे धार नव्हती,
काँक्रीटचा कोपरा आत दुमडला होता,
नखानं दाबावा तसा.

मी मान वर केली नाही.
इग्नात्सनं या वेळी मान तिरकी केली नव्हती.
बराच वेळ सरळ बघून तो म्हणाला,
“नाही माहीत.
ज्यानं केलं त्याला पाऊस कळत नव्हता, एवढं दिसतंय.”

झ्देन्काला बाटलीचा आनंद. ती सांगत सुटली,
भाचीचं गाव, तिकडे वर, कोरोश्कात,
भाचीचा मुलगा तिथे जातो,
रोज सकाळी रडत जातो, आणि त्या कोपऱ्याशी थांबतो.
त्या घडीत बोट घालतो,
वरपासून खालपर्यंत फिरवतो, मग आत जातो.
बोट घातल्याशिवाय जातच नाही.
“हातमोजा काढून! एवढ्या थंडीत!”

कॉफी आली.
इग्नात्सनं पुडी फोडली, साखर ओतली,
पुडी तशीच टेबलावर राहिली.
मग त्यानं विचारलं, फोटोकडे न बघता,
“अजून गळतं का?”

झ्देन्का म्हणाली, “भाचीला विचारते.”
लिल्यानानं चष्मा पुसायला काढला.
‘अजून’ हा शब्द टेबलावर पडून होता,
आम्हा सगळ्यांना दिसत होता,
आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा
ओळखायची कुणाला घाई नव्हती.

ओत्मारनं वही उघडली. तारीख घातली.
इमारत: बालवाडी, कोरोश्का.
वास्तुरचनाकार: इथे तो थांबला,
खिशातलं पेन परत खिशात ठेवलं,
ड्रॉवरमधून पेन्सिल काढली,
आणि लिहिलं, अनोळखी.